हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि वेळासचा फाटा

पुण्याहून मित्रांसोबत दोन दिवसांसाठी कोकणात जायचे असल्यास श्रीवर्धन-हरिहरेश्वर करावे, असे मला मनापासून वाटते. मात्र हरिहरेश्वरच्या देवळाचा प्रदक्षिणामार्ग भरती-ओहोटी पाहूनच ठरवावा, हे आवर्जून सांगावेसे वाटते. देवळामागे खडकाच्या अरुंद घळीतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात आणि पुढे लाटांनी झिजवलेल्या, मधाच्या पोळ्यासारख्या भोकाभोकांच्या काळ्या-तांबूस कातळावरून डोंगराला वळसा घालता येतो. ही वाट ओहोटीलाच मोकळी असते, भरतीत तिथे थांबणे जिवावर बेतते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची अंदाजे वेळ काढतात: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. तरीही उतरण्यापूर्वी स्थानिकांना विचारावेच, आणि पावसाळ्यात हा बेत नकोच.

श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव. तिथल्या बाजारात रोठा जातीची सुपारी जरूर घ्यावी. परतताना त्याच रस्त्याने न येता बागमांडल्याहून गाडीसह फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरावे. तिथून बाणकोटचा किल्ला आणि नाना फडणवीसांचे वेळास जवळच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्यास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसण्याची शक्यता असते, पण त्यासाठी वेळासलाच मुक्काम करावा, कारण पिल्ले सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडली जातात.