सायलस सोल: गोळी न झाडल्याचं श्रेय किती द्यायचं?

वाटसरू (धागाकर्ता):
अमेरिकन यादवीवरची आपली चर्चा लिंकनवर सुरू होऊन लिंकनवरच संपते, म्हणून हा धागा. सायलस सोल मूळचा मेन राज्यातला. कॅन्ससमध्ये गुलामगिरी हवी की नको, हे वसाहतकऱ्यांच्या मतांवर ठरणार होतं. त्यामुळे विरोधकांनी तिथे जाऊन जमिनी धरल्या, त्यांत सोल कुटुंबही होतं. पळून आलेल्या गुलामांना घरात आसरा असे. १८५९ साली, गुलामांना पळून जायला मदत केली म्हणून कैदेत असलेल्या डॉ. जॉन डॉय यांना मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफच्या तुरुंगातून सोडवणाऱ्या दहा जणांत सायलस होता. बहाणा काय, तर घोडेचोर पकडून आणलाय, रात्रीपुरता कोंडून ठेवा!

पुढे तो कोलोरॅडोच्या घोडदळात कॅप्टन झाला. २९ नोव्हेंबर १८६४ ला कोलोरॅडोतल्या सँड क्रीकवर कर्नल चिव्हिंग्टनने पावणेसातशे शिपाई घेऊन शायान-अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या तळावर हल्ला केला. शायान प्रमुख ब्लॅक केटलने अमेरिकन झेंडा आणि पांढरं निशाण दोन्ही चढवलं होतं. सुमारे २३० माणसं मेली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. सोलने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. फेब्रुवारीत या हल्ल्याच्या लष्करी चौकशीपुढे साक्ष दिली. २३ एप्रिल १८६५ ला डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याला गोळी घातली गेली. लग्नाला तीन आठवडे झाले होते, वय २६.

माझ्या लेखी हा त्या युद्धातला सर्वांत धीट माणूस.

खडूस:
सर्वांत धीट? जरा दमानं घ्या. आदल्या रात्री फोर्ट लायन या लष्करी ठाण्यावर त्याने हल्ल्याच्या बेताला विरोध केला, मान्य. पण सकाळी कूच केलीच ना? आणि कॅन्ससची ती 'मुक्त भूमी' आली कुठून? डेलावेअर, शॉनी या मूळ रहिवासी जमातींना हुसकूनच ना? एकाच्या बेड्या तोडायच्या आणि दुसऱ्याच्या शेतात घर बांधायचं, हा हिशेब धागाकर्त्याने शिताफीने टाळलाय.

बोरूबहाद्दर:
खडूसशी अर्धा सहमत. गंमत म्हणजे चिव्हिंग्टन स्वतः मेथडिस्ट पाद्री आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक! म्हणजे सोलचं मोठेपण त्याच्या चळवळीच्या खात्यावर जमा करता येत नाही. सप्टेंबरात डेन्व्हरजवळच्या कॅम्प वेल्ड छावणीत या जमातींच्या प्रमुखांशी तहाची बोलणी झाली, तिला चिव्हिंग्टन आणि सोल दोघेही हजर होते. तेव्हाच्या फोटोत ब्लॅक केटल आणि बाकीचे प्रमुख बसलेत, आणि पुढे जमिनीवर गुडघे टेकून दोन अधिकारी: मेजर विंकूप आणि सोल. दोन महिन्यांनी त्यातल्या एकाला त्याच माणसांवर बंदूक रोखायला सांगितलं गेलं.

वाटसरू:
खडूस, जमिनीचा मुद्दा बिनतोड आहे, वाद घालत नाही. पण कूच केली म्हणूनच तो साक्षीदार झाला. १४ डिसेंबरला विंकूपला लिहिलेल्या पत्रात त्याने मुलांची डोकी कशी फोडली तेही लिहिलंय. घरी बसला असता तर 'मोठी लढाई जिंकली' हीच आवृत्ती टिकली असती. त्याच्या पश्चात चिव्हिंग्टनच्या बाजूने त्याला दारुडा आणि भेकड ठरवणारी जबानी पुढे आणली गेली. उगाच नाही.

एक_शंका:
खून चिव्हिंग्टनने करवला का?

बोरूबहाद्दर:
सिद्ध झालं नाही. मारेकरी चार्ल्स स्क्वायरला न्यू मेक्सिकोत पकडून लेफ्टनंट कॅननने डेन्व्हरला आणलं. थोड्याच दिवसांत कॅनन हॉटेलच्या खोलीत मेलेला सापडला आणि स्क्वायर निसटला. खटलाच उभा राहिला नाही.

खडूस:
झालं तर मग. साक्ष झाली, पण चिव्हिंग्टनला शिक्षा शून्य, कारण तो आधीच सैन्यातून मोकळा झाला होता. ऑक्टोबर १८६५ मध्ये शायान-अरापाहोंशी झालेल्या लिटल आर्कान्सास तहात सरकारने अत्याचार लेखी कबूल केला, भरपाईचं वचन दिलं. ते अजून पाळलेलं नाही. तुम्ही सोलच्या धाडसाचे पोवाडे गा खुशाल, पण त्या वचनाचा वेगळा धागा काढा, तिथे मी येतो.

वाटसरू:
काढा तुम्हीच. पण एक ध्यानात ठेवा: सँड क्रीकच्या स्मरणार्थ धावणारे शायान-अरापाहो वंशज डेन्व्हरमध्ये सोलच्या कबरीपाशी थांबतात. त्यांना कोणी पोवाडे गायला सांगितलेलं नाही.