फुले योजना, सिव्हिल की खासगी मेडिक्लेम? सहा जणांच्या घराचा हिशोब

द्राक्षबाग_तासगाव:
तासगाव तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. नवरा ४२, बायको ३८, दोन मुलं, वडील ७२, आई ६६. आईला आठ वर्षांपासून शुगर. रेशनकार्ड पांढरं. एजंटानं सहा जणांचं मिळून पाच लाखांचं फ्लोटर (सगळ्या घराला एकच सामाईक विमा रक्कम) सुचवलंय, हप्ता चाळीस हजारांच्या पुढं जातोय. गावात मात्र म्हणतात की फुले योजना आता सगळ्यांना आहे, मिरजेचं सिव्हिल आहे, मग हप्ता कशाला? जाणकारांनी नेमकं सांगा: योजनेत काय बसतं, काय नाही, आणि हप्ता भरायचाच तर कुणाचा?

योजना_कक्ष_मिरज:
पांढरं कार्ड चालतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आधी दीड लाखाचं कवच होतं, आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं आहे. पण योजना म्हणजे ठरलेल्या उपचारांची यादी, हे आधी डोक्यात पक्कं करा. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सरची केमो, मोठी ऑपरेशनं यात येतात. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या येत नाहीत. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, ते खासगीत योजनेतून होत नाहीत.

माणसं सगळ्यात जास्त अडकतात ती भरती होताना. घाईत पेशंटला खासगी म्हणून दाखल करतात, डिपॉझिट भरतात, आणि डिस्चार्जच्या दिवशी कुणीतरी योजनेची आठवण काढतं. ही योजना पूर्ण कॅशलेस आहे. भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. म्हणून दारातच दोन गोष्टी विचारा: रुग्णालय योजनेत आहे का, आणि हा आजार त्या रुग्णालयाच्या मंजूर यादीत आहे का. हाडांसाठी मंजुरी असलेल्या ठिकाणी हृदयाचं काम योजनेतून होईलच असं नाही. मग आरोग्यमित्राकडं, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडं, नोंदणी करा. तातडीचा पेशंट असेल तर फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागून दिले तरी चालतात. मंजुरीनंतर कुणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा.

कागदांत हमखास नडतं ते सुनेचं नाव. लग्नाला दहा वर्षं होतात, तरी नाव माहेरच्या कार्डावरच असतं. तिकडून कमी करून इकडं चढवायला तहसील कार्यालयात वेळ जातो, तेव्हा ते आजच करा. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव, जन्मसाल जुळतंय का तेही बघा.

वडिलांचं सोपं आहे. ७० पूर्ण झालेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाख. आधारवर ई-केवायसी करायची, बस्स.

सिव्हिलबद्दल एक गैरसमज आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळं मोफत झालं ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ठिकाणी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय वगैरे. मिरज आणि सांगलीची शासकीय रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडं आहेत, तिथं शासकीय दरानं शुल्क लागू शकतं. साप चावला, अपघात झाला तर मात्र विमा शोधत बसू नका, १०८ लावा.

विमा_दावे_सांगली:
सहा जणांना एका फ्लोटरमध्ये कोंबू नका. फ्लोटरचा हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, ७२ वर्षांच्या वडिलांमुळं चौघा तरुणांचाही दर चढतो. चौघांचं वेगळं घ्या. आईची स्वतंत्र पॉलिसी झेपत असेल तरच. वडिलांना वय वंदना आहेच. खासगी विमा असला तरी ते कार्ड मिळतं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. एजंटाच्या आकड्यात जुने १८ टक्के घुसलेत का ते तपासा.

आता खोलीभाड्याची अट. तीन लाखांच्या पॉलिसीत मर्यादा १ टक्का असेल तर दिवसाला ३,०००. तुम्ही ६,००० ची खोली घेतली की कंपनी फक्त भाडं कापून थांबत नाही. डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हेही त्याच प्रमाणात निम्मं होतं. चार दिवसांचं भाडं २४,००० आणि ही बाकीची फी ८०,००० धरा. १,०४,००० पैकी ५२,००० तुमच्या खिशातून. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांना ही कपात लागत नाही. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्या.

आईची शुगर फॉर्मवर लिहाच. एजंट 'नाही'वर खूण करून मोकळा होतो. पुढं तीन वर्षांनी भरती होताना कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, घरचा कुणी सरळ सांगतो, आणि केसपेपरवर उमटतं: 'मधुमेह, ११ वर्षांपासून'. पॉलिसी तीन वर्षांची, आजार अकरा वर्षांचा. दावा तिथंच नामंजूर. खरं लिहिलंत तर शुगरसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याचं कारण देता येत नाही.

कुपवाड_एमआयडीसी:
घरातलं कुणी कारखान्यात आहे का? पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होतं का विचारा. हप्ता म्हणून पगाराच्या कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. आई-वडील त्याच्यावर अवलंबून असतील तर अटींत बसल्यास तेही येतात, आणि यात ओपीडीची औषधंसुद्धा मिळतात.

द्राक्षबाग_तासगाव:
कारखान्यात कुणी नाही. चौघांचं वेगळं घेतो. पण पैसा येतो मार्च-एप्रिलला, आणि एजंट म्हणतो ऑक्टोबरातच भरा.

विमा_दावे_सांगली:
ऑक्टोबर म्हणजे छाटणी आणि फवारणीचा खर्च, दरवर्षी नूतनीकरण तिथंच अडकणार. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत मिळते, पण ती पॉलिसी जिवंत ठेवण्यापुरती; त्या दिवसांत भरती झालात तर दावा मिळत नाही. ऑक्टोबरातच सुरू करायची असेल तर मासिक हप्त्याची सोय आहे का बघा. नाहीतर एप्रिलमध्ये घ्या, तोवर फुले योजनेचे कागद पक्के करा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून काढा, अटी पटल्या नाहीत तर परत करता येते.