जयंती नाल्याकाठचं घर घेताना

ताई, तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात रामानंदनगरात जयंती नाल्याजवळ जुना बंगला बजेटात बसतोय, घ्यावा का. आम्ही त्याच भागात राहतो, म्हणून मनापासून सांगते.

शेजार सोन्यासारखा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं, तेव्हा समोरच्या काकांच्या पोरांनी आमच्या आजीला खुर्चीत बसवून उचलून नेलं. २०२१ ला तेच पाणी पाचव्या पायरीवर. रंग दोनदा दिला, तरी ओल फुगून ती रेघ भिंतीवर परत उमटते. सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेलं सागवानी कपाट मात्र गेलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची धोक्याची पातळी ४३ फूट. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत जायचं सोडून उलटं वस्तीत शिरतं, आणि खाली नृसिंहवाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णा भरलेली असेल तर उतारही लवकर पडत नाही. पाऊस थांबला तरी घरात पाणी असतंच.

त्यामुळं एजंटावर जाऊ नका. शेजारच्या दोन-तीन घरांत चहाला बसा आणि दोन्ही पुरांत पाणी कुठवर आलं ते विचारा, बायका बरोबर पायरी दाखवतात. प्लॉट निळ्या पूररेषेच्या (सरकारनं नकाशावर आखलेली पुराची हद्द) आत आहे का, तेही आधी काढा, नाहीतर पुढं नवीन बांधकामाला परवानगी अडते. घेणारच असाल तर मीटर आणि इन्व्हर्टर पहिल्या मजल्यावर न्या.