मदत हवी आहे: कर्नल अपग्रेडनंतर लॅपटॉप गोठतो

मंडळी, लिनक्सचं कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.८ वरून ६.११ केलं आणि तेव्हापासून लॅपटॉप दिवसातून दोन-तीनदा गोठतो. गंमत म्हणजे गाणं चालू राहतं, माउसचा बाणही हलतो, बाकी स्क्रीन फोटोसारखी ठप्प. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ला (नुसत्या अक्षरांच्या कन्सोलवर जायच्या कळा) दाद नाही. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) मात्र लागतं. लॉगमध्ये आय९१५च्या (इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर) नावाने 'जीपीयू हँग' (ग्राफिक्स चिप अडकली) दिसतं, म्हणजे संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवरच.

ग्रबमधून (सुरू होतानाचा बूट मेनू) जुनं कर्नल निवडलं की दिवसभर कुरकुर नाही. 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हर न वापरण्याचा बूट पर्याय) लावून गोठणं थांबलं, पण सगळं इतकं ढोबळ दिसतं की डोळे दुखतात. आता पीएसआर (स्क्रीनची वीज वाचवणारी सोय) बंद करून बघू, मेसा (ग्राफिक्स लायब्ररी) अपडेट करू, की सरळ जुनं कर्नल होल्डवर टाकू, म्हणजे ते अपडेटच होणार नाही? सोमवारी ऑफिसचं काम आहे, त्यामुळे फॉरमॅट मारा असं कृपया सांगू नका.