पन्नास वर्षे उपासनेत पेटी वाजवल्यानंतर आता जागा सोडावी का?

पेटीवाला (नाशिकरोड) यांचा प्रश्न:

सर्वांस सप्रेम नमस्कार. १९७५ च्या नाताळात, वयाच्या अठराव्या वर्षी, आमच्या चर्चच्या मंडळीत मी पहिल्यांदा पेटीवर बसलो आणि तेव्हापासून आजारपणाचे काही रविवार वगळता ती जागा सोडलेली नाही. नोकरी प्रेसमध्ये होती, त्यामुळे संगीत हा माझा व्यवसाय कधीच नव्हता. तरीही आयुष्यात काय केले असे कोणी विचारले, तर नोटांच्या छपाईच्या आधी मला पेटीच आठवते.

माझी अडचण अशी आहे. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकाच्या माझ्या जुन्या प्रतीत प्रत्येक गीताच्या समासात पट्टी, म्हणजे ‘सा’ पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या सुरावर धरायचा ते, पेन्सिलीने लिहिण्याची मला सवय आहे. परवा पाने चाळताना लक्षात आले, की नारायण वामन टिळकांच्या ज्या भजनापुढे मी सुरुवातीला ‘काळी दोन’ लिहिले होते, तेथे पुढे कधीतरी ते खोडून ‘काळी एक’ केले आहे आणि अलीकडे त्याखाली कापऱ्या अक्षरात ‘पांढरी सात’ लिहिले आहे. माझ्या आवाजाची उतरण इतकी स्वच्छ नोंदलेली पाहून मला हसूही आले आणि वाईटही वाटले. त्यातच डाव्या हाताची बोटे आखडतात, भाता ओढताना मध्येच हवा कमी पडते आणि मुलांचे शब्द मला स्पष्ट ऐकू येत नाहीत.

मंडळीने पन्नास वर्षांनिमित्त सत्काराचे ठरवले आहे. सत्कार स्वीकारून त्याच दिवशी उठावे, की हात चालतात तोवर बसावे? शिवाय, शाल माझ्या खांद्यावर पडणार असली तरी आभार माझ्याकडूनच जायला हवेत, असे मनात येते. रविवारी जादा कामाची पाळी लागली की ती बिनतक्रार स्वतःकडे घेणारे एक सहकारी प्रेसमध्ये होते. ते पंचवटीतले, रोज सकाळी गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) जाऊन मग कामावर येणारे. त्यांनी त्या पाळ्या घेतल्या नसत्या, तर माझी पन्नास वर्षे पंचवीसही झाली नसती. अशा माणसाचे आभार मंडळीपुढे कसे मानावेत?

देवळालीकर यांचे उत्तर:

काका, तुमची आणि माझी मंडळी वेगळी आहे, पण आमचे पेटीवालेही सत्तरीत आहेत, म्हणून बाकावर बसून गाणाऱ्या बाईचे म्हणणे मांडते. राग मानू नये. पट्टी ‘पांढरी सात’पर्यंत उतरली, की तुम्हाला सोपे जाते, पण आम्हा बायकांचा आवाज तळाला टेकतो. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम आमच्या गळ्यातून निघतच नाही, मग आम्ही नुसते ओठ हलवतो आणि पेटीवाल्यांना वाटते, की हल्ली मंडळी पूर्वीसारखी गात नाही. हे त्यांना सांगायचे धाडस गेल्या चार-पाच वर्षांत आमच्यापैकी एकीलाही झालेले नाही, कारण आमच्यातल्या निम्म्या जणींना गायला त्यांनीच शिकवले आहे. तुमच्याकडेही बायका अशाच गप्प बसल्या असतील, असे माझे मन सांगते.

निवृत्त शिक्षक यांचे उत्तर:

देवळालीकर ताईंनी मर्मावर बोट ठेवले आहे. इंग्रजी चालींवरच्या भाषांतरित गीतांची पट्टी स्वरलिपीबरोबर छापलेली असते आणि ऑर्गन वाजवणाऱ्याचे वय कितीही झाले तरी सहसा तीच वाजते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग आणि भजनांच्या वळणाची गीते लिहून मराठी मंडळीला तिच्या स्वतःच्या चालीत गाण्याची मोकळीक दिली. त्या मोकळिकीतच पट्टी ठरवण्याचा अधिकार पेटीवाल्याच्या हाती आला. मात्र ती पट्टी मंडळीची असते, पेटीवाल्याच्या गळ्याची नव्हे, हे आपण सारेच हळूहळू विसरतो. (मीही विसरलो होतो, माझ्या बाबतीत वर्गात फळ्यावरचे अक्षर मोठे होत गेले आणि मजकूर निम्म्यावर आला.)

जागा सोडण्याविषयी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, अगदी व्यवहारी सूचना सापडते. गणना ८:२४–२६ मध्ये लेव्यांनी, म्हणजे उपासनेची सेवा नेमून दिलेल्या वंशातील पुरुषांनी, पंचविसाव्या वर्षी सेवेस लागावे आणि पन्नासाव्या वर्षी सेवेतून मोकळे व्हावे असे सांगितले आहे, पण त्यांनी घरी बसावे असे म्हटलेले नाही. दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, आपल्या भाऊबंदांना त्यांनी साहाय्य करीत राहायचे आहे. पुढे १ इतिहास २५ मध्ये मंदिरातल्या २८८ गायक-वादकांच्या पाळ्या ठरवताना लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकल्या जातात. म्हणजे गुरूची पाळीही चिठ्ठीनेच यायची! तुमच्या प्रश्नाचे ‘उठावे की बसावे’ हे दोन्ही पर्याय मला म्हणूनच अपुरे वाटतात. पेटी मंडळीच्या पट्टीत वाजवावी, गाण्याची आघाडी दुसऱ्या कोणाला द्यावी आणि बोटे अगदीच ऐकेनाशी होतील तेव्हा शेजारी बसावे. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे ठेवून टिळक १९१९ मध्ये गेले आणि ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लिहिता-वाचता आले तेच मुळी लग्नानंतर. त्या तुमच्या शेजारच्या जलालपूरच्या माहेरवाशीण, हे नाशिककरांना मी काय सांगावे?

कीबोर्डवाला यांचे उत्तर:

काका, एकच सुचवतो: कानांची तपासणी करून घ्यावी. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि स, श, फ यांसारखी व्यंजने त्यातच मोडतात. स्वर मात्र पूर्वीसारखे ऐकू येत राहतात. त्यामुळे मुले तोंडातल्या तोंडात गातात असा समज होतो. माझ्या वडिलांनी याच कारणावरून आमच्या गायकवृंदाला दोन वर्षे फैलावर घेतले होते.

पेटीवाला (नाशिकरोड):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवळालीकर ताईंचे उत्तर वाचून पहिल्यांदा रागच आला, हे कबूल करतो. रात्री पत्नीला विचारले, तर ती म्हणाली, “मी २०१८ पासून नुसती ओठ हलवते आहे.” एवढी वर्षे जिच्या हातच्या वहीवरून मी गीते वाजवली, तिनेही हे मला सांगू नये!

शनिवारच्या सरावाला पेटी पुन्हा काळी दोनवर घेतली. ध्रुपद कसेबसे निभावले, अंतऱ्याला माझा आवाज फाटला आणि मी थांबलो. नववीतल्या एका मुलीने तो अंतरा उचलला, मागच्या बाकांवरून बायकांचा आवाज आला आणि मी फक्त भाता ओढत राहिलो. तिला दुसऱ्या ओळीतली मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) घाईने घ्यायची सवय आहे, ती काढायला दोन-तीन शनिवार लागतील. सत्काराच्या दिवशीही अंतरा तिनेच गावा, असे पाळकसाहेबांना सांगून ठेवले आहे. पुस्तकात ‘पांढरी सात’ खोडू लागलो, पण कागद इतका जुना झाला आहे की रबराने पानच फाटायला लागले. म्हणून ते तसेच ठेवून शेजारी पुन्हा ‘काळी दोन’ लिहिले.

प्रेसमधल्या सहकाऱ्यांना काल फोन केला. ते आता ७४ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, पण येतो म्हणाले. शाल आधी त्यांच्या खांद्यावर घालायची आणि त्या रविवारच्या पाळ्यांची हकिकत मीच मंडळीला सांगायची, असे ठरले आहे. त्यांना त्यातले काहीही सांगितलेले नाही. त्यांनी एवढेच विचारले, की तुमच्या चर्चमध्ये चपला बाहेर काढायच्या असतात का.