‘अनन्य अधिकारिता’ की ‘हद्द’?

प्रश्न
चाकणच्या एका कंपनीसाठी तिच्या जर्मन मालक कंपनीचा 2018 सालचा करार मराठीत आणतोय. समोरचा पुरवठादार लंडनचा. एक कलम अडलंय: इंग्लंडच्या न्यायालयांना ‘एक्सक्लुझिव्ह ज्युरिस्डिक्शन’. मी ‘अनन्य अधिकारिता’ लिहिलं. साहेब म्हणतात, बोजड आहे, ‘हद्द’ लिहा. शिवाय ब्रेक्झिटनंतर हे कलम रद्द झालं, असंही त्यांचं म्हणणं.

प्रतिसाद 1
हद्द पोलीस ठाण्याची. ती कुठपर्यंत ते सांगते. खटला चालवायचा अधिकार कोणाला, ते ‘अधिकारिता’ सांगते. ‘अनन्य’ म्हणजे दुसऱ्या कोणाला नाही. आपल्याकडे बिलाच्या तळाशी नुसतं ‘सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन’ असतं. तिथे ‘फक्त’ नसलं तरी बिघडत नाही, हेतू बघायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्वस्तिक गॅसेस खटल्यात म्हटलंय.

प्रतिसाद 2
रद्द वगैरे काही नाही. मी ब्रेक्झिटला ‘माघार’ न म्हणता ‘फारकत’ म्हणतो. मूळ शब्द फारखत, म्हणजे मोकळं केल्याचा लेख. ब्रिटन आणि युरोपीय संघातही असा लेख झालाच: 31 डिसेंबर 2020 पर्यंत सुरू झालेल्या दाव्यांना जुने ब्रुसेल्स नियम (कोणत्या देशाचं न्यायालय दावा चालवणार आणि त्याचा निकाल इतरत्र कसा मानायचा, याचे संघाचे नियम), नंतरच्यांना नाहीत. म्हणजे कलम जागेवरच, पण ते जर्मनीत मानलं जाण्यामागचा आधार बदलला. आता तो आधार म्हणजे 2005 चा हेग करार, न्यायालय निवडणाऱ्या कलमांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार.

तुमची गोची 2018 मुळे आहे. हा हेग करार ब्रिटनला ऑक्टोबर 2015 पासून, म्हणजे संघात असल्यापासून, सलग लागू, असं ब्रिटन म्हणतं. युरोपीय आयोगाच्या मते ब्रिटन स्वतःच्या नावाने सामील झालं तेव्हापासूनच, म्हणजे 1 जानेवारी 2021. तुमचं कलम बरोबर मधल्या खड्ड्यात! 1 जुलै 2025 पासून 2019 चा हेग करारही (परदेशी न्यायालयांचे निकाल मानण्याबाबतचा) ब्रिटनला लागू आहे, पण त्यानंतर दाखल झालेल्या दाव्यांपुरताच.

प्रश्नकर्ता
कलम पुन्हा वाचलं. खालीच एक ओळ आहे: ‘पुरवठादारास मात्र अन्य कोणत्याही सक्षम न्यायालयात दावा लावता येईल.’

प्रतिसाद 2
अहो, ही ओळ आधी सांगायची! म्हणजे कलम एकतर्फी. अशी कलमं 2005 च्या करारात बहुधा बसत नाहीत, असं इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलंय. ‘अनन्य’ राहू द्या, पण ‘खरेदीदाराने दाखल करावयाच्या दाव्यांपुरती’ हे शब्द त्याला चिकटवूनच लिहा, आणि दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात ठेवा. मराठी वाचणाऱ्याने वरचंच वाचून सही करायला नको.