मदत हवी आहे: आईबाबांचे कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस झालेत, अमेरिकेला जायचंय. कोव्हिशिल्ड पुन्हा घ्यावी का?

नागपूरची_धाकटी | 30 ऑक्टोबर 2021, दुपार

मंडळी, ज्यांच्या घरी हाच पेच आहे किंवा ज्यांना नियम नीट माहीत आहेत, त्यांनी कृपया लिहा. निर्णय येत्या आठवड्यात घ्यावाच लागणार आहे.

माझी ताई न्यू जर्सीला असते. पहिलं बाळंतपण, तारीख डिसेंबरच्या मध्यावरची. भाऊजींकडे मदतीला येण्यासारखं कोणी नाही, त्यामुळे आईबाबांनी जायचं हे आधीपासून ठरलेलं. दोघांकडे व्हिजिटर व्हिसा आहे. पण 4 मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेकांना दार बंद केलं होतं, म्हणून आम्ही गप्प होतो. आता 8 नोव्हेंबरपासून ती बंदी उठतेय आणि तिच्या जागी लसीची अट येतेय: लस एफडीएने मंजूर केलेली हवी, नाहीतर जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन यादीतली. कोव्हिशिल्ड त्या यादीत फेब्रुवारीपासून आहे. कोव्हॅक्सिन अजून नाही.

आणि आईबाबांनी घेतली आहे कोव्हॅक्सिन. मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा केंद्रावर जी होती ती टोचून घेतली. कोणती हवी असं विचारायची सोयच नव्हती. त्याबद्दल तक्रार नाही. एप्रिलमध्ये नागपुरात एका खाटेसाठी लोकांची काय वणवण झाली ते आम्ही जवळून पाहिलंय. बाबांची बायपास झालेली, आईला शुगर. त्या दिवसांत दोघांच्या अंगात लस होती, हा आमच्यासाठी फार मोठा आधार होता.

संघटनेच्या तज्ज्ञ समितीची बैठक 26 तारखेला झाली, त्यात कंपनीकडे आणखी खुलासा मागितला. आता पुढची बैठक 3 नोव्हेंबरला. अर्ज एप्रिलमधला आहे, त्यामुळे या वेळी तरी होईल यावर आई विश्वास ठेवायला तयार नाही.

खरी अडचण पुढे आहे. ओळखीतल्या एका ट्रॅव्हल एजंटने बाबांना सुचवलंय की आधारऐवजी पॅन कार्ड दाखवा, दुसरा मोबाइल नंबर द्या आणि कोव्हिशिल्डचे दोन डोस नव्याने घ्या. ‘सगळेच करताहेत’ म्हणे. बाबा आयुष्यभर सरळ वागलेला माणूस, पण लेकीसाठी तेही आता विचार करू लागलेत. काल रात्री दोन्ही कार्डं टेबलावर काढून बसले होते. मला ते बघवलं नाही.

कालच सुप्रीम कोर्टानेही अशा पुन्हा लसीकरणाचा आदेश द्यायला नकार दिला. हाताशी माहिती नसताना लोकांच्या जिवाशी खेळता येणार नाही, दिवाळीनंतर बघू, असा एकूण सूर होता.

तर प्रश्न असा की थांबावं की टोचून घ्यावं? शिवाय आईच्या पासपोर्टवर मधलं नाव आहे, पण लसीच्या प्रमाणपत्रावर नाही, कारण ते आधारवरच नाही. याने अडवतात का?

---

रामदासपेठचा_औषधवाला | 30 ऑक्टोबर, संध्याकाळ

ताई, माझं उत्तर स्पष्ट आहे: बाबांना हे करू देऊ नका.

आधी तारखा मांडून बघा. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत सध्या 84 दिवसांचं अंतर आहे. उद्या पहिला घेतला तरी दुसरा जानेवारीच्या शेवटाला पडतो, आणि त्यानंतरही दोन आठवडे गेल्याशिवाय अमेरिका लसीकरण पूर्ण धरत नाही. तोवर नात किंवा नातू दोन महिन्यांचा होईल. 28 दिवसांची सवलत शिक्षणाला, नोकरीला आणि ऑलिंपिकला जाणाऱ्यांसाठी होती, लेकीच्या बाळंतपणासाठी नाही. एजंटने ‘जमवून’ 28 दिवसांत दुसरा डोस दिला, तरी 12 डिसेंबर उजाडतोच. म्हणजे खोटं बोलूनही वेळेवर पोचणं नाही.

आता शरीराचं. पूर्ण कोव्हॅक्सिन झालेल्या, हृदयविकार असलेल्या वयस्क माणसाला वर कोव्हिशिल्डचे दोन डोस दिले तर काय होतं, याचा आधार घ्यावा असा अभ्यास आज आपल्यासमोर नाही. कदाचित काहीही होणार नाही. पण त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांपासून लपवून टोचलेली लस, आणि उद्या ताप-दुखणं आलं तर त्यांना खरं सांगायची पंचाईत, हे मला कुठल्याही परिस्थितीत पटत नाही.

आणि विमानात बसण्याआधी प्रवाशाला लसीबद्दल लेखी घोषणापत्र द्यावं लागणार आहे. तिथे सही बाबांची असेल, एजंटची नाही.

---

पासपोर्ट_आणि_पिशवी | 31 ऑक्टोबर

वरच्या उत्तराशी सहमत. मी नावाबद्दल लिहितो, कारण लोक तिथेच गाफील राहतात.

लस मान्य होणं आणि प्रमाणपत्र मान्य होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनचं ताजं उदाहरण घ्या. 22 सप्टेंबरला त्यांनी कोव्हिशिल्डचं नाव यादीत घातलं, तरी भारतातून जाणाऱ्यांचं विलगीकरण सुटलं नाही, कारण आपलं प्रमाणपत्र त्यांना मंजूर नव्हतं. त्यावर पूर्ण जन्मतारीख नसते, ही त्यांची एक हरकत होती. मग आपणही 4 ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवस घरी बसवलं, आणि अखेर 11 ऑक्टोबरपासून तिकडचा नियम सैल झाला. लस तीच, माणसं तीच, तरी मधले आठवडे लोकांची तिकिटं बुडाली.

त्या गोंधळातून एक चांगलं झालं. कोविनवर आता परदेश प्रवासासाठी वेगळं प्रमाणपत्र निघतं, त्यावर पासपोर्ट क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीख येते. आईबाबा दोघांचंही आजच काढा. पासपोर्ट जोडायची सोय कोविनच्या खात्यात ‘रेझ ॲन इश्यू’खाली आहे. नावातला बदलही तिथूनच होतो, पण ती दुरुस्ती एकदाच करता येते. म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवा, एकेक अक्षर जुळवा आणि मगच बटण दाबा. घाईघाईत मोबाइलवर करू नका.

तिकीट दिल्लीहून किंवा मुंबईहून थेट अमेरिकेचं घ्या. नागपूरहून तिथवर जावंच लागतं. मध्ये युरोपात उतरलात तर तिसऱ्या देशाचे नियम अंगावर येतात, आणि कोव्हॅक्सिनवाल्यांना तो धोका कशाला?

---

मेलबर्नचा_वऱ्हाडी | 1 नोव्हेंबर

धाकटे, आनंदाची बातमी. आमच्याकडच्या औषध नियामकाने, म्हणजे टीजीएने, आज कोव्हॅक्सिनला प्रवासासाठी मान्यता दिली. बारा वर्षांवरच्या सगळ्यांना. माझे सासू-सासरे अकोल्याला याच एका कारणाने अडकून होते.

याने अमेरिकेचं दार आपोआप उघडत नाही, प्रत्येक देश आपला निर्णय स्वतः घेतो. पण एका कडक नियामकाने आकडे तपासून ‘चालेल’ म्हटलंय. बाबांना हे नक्की सांग. त्यांच्या लसीत खोट आहे असं त्यांना वाटत असेल तर ते तरी मनातून जाईल.

---

नागपूरची_धाकटी | 3 नोव्हेंबर, रात्र

झालं! आत्ताच जाहीर झालं. जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतलं. लक्षणं असलेल्या कोविडवर दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवसांनी 78 टक्के परिणामकारक, असं त्यांनी म्हटलंय. बाबांनी बातमी तीन वेगवेगळ्या चॅनेलवर पाहिली, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. ताईला फोन लावला तर तिकडे सकाळ होती आणि ती नुसती रडत होती.

पॅन कार्ड परत कपाटात गेलंय. औषधवाले दादा, तुमचं तारखांचं गणित बाबांना वाचून दाखवलं होतं, त्यानंतर त्यांनी एजंटचा फोन घेतलाच नाही. मनापासून आभार. आईचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घेतलं, दोघांची नवीन प्रमाणपत्रं छापून ठेवली.

ज्यांचं कोव्हॅक्सिन झालंय आणि ज्यांना असाच ‘सल्ला’ मिळतोय, त्यांना हा धागा कृपया दाखवा. कितीतरी म्हातारी माणसं भिडेपोटी हो म्हणत असतील.

आता एकच शंका. निघण्याआधी तीन दिवसांच्या आतली चाचणी लागते. नागपुरात दिली आणि दिल्लीला एक दिवस मुक्काम केला तर बसेल का? मोजायचं तासांनी की तारखेने?

---

पासपोर्ट_आणि_पिशवी | 3 नोव्हेंबर, रात्र

अभिनंदन! अमेरिकेच्या नियमात तारीख मोजतात, बहात्तर तास नाही. शुक्रवारी कोणत्याही वेळेचं विमान असेल तर मंगळवारी दिलेली चाचणी चालते. अँटिजेनही चालते, आरटीपीसीआरच हवी असं नाही. तरी मुक्कामाचा दिवस धरून बुधवारी द्या, रिपोर्टवर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहायला सांगा, आणि विमान कंपनीला विचारून घ्या. हे नियम वरचेवर बदलताहेत, निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.